आबांचा हात

परवा सोलापूरच्या जुन्या पूर्व भागातून रिक्षानं जात होते. एका बोळाच्या तोंडाशी खळीचा वास आला. मागावर चढवण्याआधी सुताला देतात ती खळ. शिजलेल्या पिठाचा, किंचित आंबूस, ओल्या सुताचा वास. भाच्याच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवर राहायला आल्यापासून फरशी पुसायच्या औषधाचा आणि गॅलरीतल्या मोगऱ्याचा वास घेत होते. हा मात्र थेट पोटात उतरला. रिक्षावाल्याला म्हटलं, "थांबव बाबा जरा."

"हितं काय हाय आजी? नुसते कारखाने हायेत की."

"थांबव तरी."

बोळ ओळखू येत नव्हता. ओटे गेले होते. पत्र्याच्या शेडमधून यंत्रमाग एकसारखे धडधडत होते. आमच्या वेळचे हातमाग असे नव्हते. खट्, मग क्षणभर काहीच नाही, मग खटाक्. त्या मधल्या क्षणात विणणाऱ्याचा श्वास असायचा. एका शेडच्या दारात बिडी ओढत बसलेल्या माणसानं विचारलं, "कुणाचं घर बघताय?"

"सुभेदारांचं. फार जुनी गोष्ट आहे."

त्यानं आत तोंड करून कुणाला तरी तेलुगूत ओरडून विचारलं. मग म्हणाला, "न्हाय बा. सुभेदार म्हणून कुणी ऐकलं न्हाय हितं."

मला हायसं वाटलं. माझ्या आजोबांना या बोळात आता कुणीही ओळखत नाही, हे ऐकून हायसं वाटलं; आणि परत रिक्षात बसेपर्यंत त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटायला लागली.

आम्ही त्यांना आबा म्हणत असू. बोळ त्यांना सुभेदारसाब म्हणे. मैंदर्गीजवळच्या एका खेड्यात मेंढरं राखणाऱ्या घरात त्यांचा जन्म. मिसरूड फुटायच्या आत घोंगडी टाकून ते पलटणीत गेले, आणि केस पिकेपर्यंत पलटणीतच राहिले. शिपायापासून चढत चढत सुभेदार मेजर झाले. चौदा सालच्या मोठ्या लढाईत त्यांना बोटीनं इराकात, बसऱ्याकडं नेलं. तिथं नदीकाठच्या चिखलात, गोळ्या सुरू असताना, जखमी गोऱ्या कप्तानाला पाठीवर घेऊन ते निघाले. वाटेत एक गोळी त्यांच्या उजव्या खांद्यात शिरली, पण कप्तानाला खाली ठेवलं नाही. त्याबद्दल बिल्ला मिळाला, किताब मिळाला, आणि कलेक्टरसाहेबांच्या दरबारात बसायला खुर्ची मिळाली. शहरातली भली भली माणसं त्या दरबारात भिंतीला टेकून उभी असत.

पण त्या गोळीनं त्यांचा उजवा हात अडवला. खांद्याच्या वर तो जातच नसे. सलाम करायचा झाला तर छातीशी येऊन थांबे, आणि उरलेला सलाम ते मान ताठ करून पुरा करत. बोटंही आखडली होती. कोटाची बटणं लावायचं काम माझं.

त्या लढाईबद्दल ते फार बोलत नसत. खजुरांची झाडं, बूट गिळणारा चिखल, खाऱ्या पाण्याचा चहा, एवढंच. एकदा धाकट्या भावानं विचारलं, "आबा, तुम्ही किती शत्रू मारले?" तेव्हा म्हणाले, "मेंढरू मेल्यावर जसा वास येतो तसाच माणसाचा येतो." आणि जेवणावरून उठून गेले.

आबांच्या सकाळी मला अजून ऐकू येतात. मिलचा भोंगा व्हायच्या आधीच चामड्याच्या पट्ट्यावर वस्तऱ्याची सळसळ सुरू व्हायची. मग तुरटीचा खडा गालावरून फिरायचा, आणि सगळ्या घराला एक थंडगार, स्वच्छ वास यायचा. आम्हा दोघा भावंडांना जेवायला बोलवायचं तर ते दारातून कळप मोजावा तसं कानडीत मोजत, "ओंदु... एरडु..." आणि जणू एखादं हरवलं असावं असे इकडंतिकडं बघत. आम्ही दर वेळी हसायचो. वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात होते, रविवारी यायचे. त्यामुळं घरात पुरुष माणूस म्हणजे आबाच.

हिवाळ्यात दरबार असे. त्या दिवशी सकाळपासून आई चिंचेनं पितळी बटणं घासायची. माझ्या बोटांना चिंचेचा आणि पितळेचा वास दिवसभर राही. कोट घालून आबा ताठ उभे राहत, मी खालून वर एकेक बटण लावत जाई, आणि गळ्याशी पोचले की ते हनुवटी उचलत. मग फेटा. तो समोरच्या नरसय्यानं विणलेला, जांभळ्या काठाचा. बांधायलाही तोच येई, कारण आबांचा हात तेवढा वर जात नसे. नरसय्या उंच होता, पद्मशाली विणकर, हसला की पान खाऊन रंगलेले दात दिसत. फेट्याचा शेवटचा पदर खोचून तो दोन पावलं मागं होई आणि म्हणे, "आता जावा. आता कलेक्टर उभा ऱ्हाईल."

आबा बोळातून निघाले की माग थांबत. माणसं ओट्यावरून उठून उभी राहत. मी त्यांच्या डाव्या बाजूनं चाले. जगात यापेक्षा मोठं काही असतं हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी नरसय्याच्या दारापुढं बैठक. बोळात खुर्ची एकच, आबांची, वेताची. ती नरसय्या स्वतः उचलून आणून बाहेर मांडी आणि आपण पायरीवर बसे. त्याची बायको राजव्वा आतून चहा पाठवी. मागावरून उतरलेल्या सुताचे तंतू नरसय्याच्या केसांत, भुवयांत अडकलेले असत. बोलणं काय, तर पाऊस, जोंधळा, सुताची जात, पलटणीतल्या खेचरांचे स्वभाव. मला राजव्वा हाक मारी, "रा, अम्मा," म्हणजे ये गं, आणि मुठीत शेंगदाणे देई. तेलुगू माणसं लहान मुलींनाही अम्मा म्हणत. मला ते फार आवडे.

मग तो तीस सालचा उन्हाळा आला. नरसय्या डोक्यावर पांढरी टोपी घालायला लागला. स्वतःच्या मागावर विणलेल्या खादीची, राजव्वानं शिवलेली. आबांनी पहिल्या दिवशी ती बघितली आणि हसले.

"टोपीनं काय राज्य जातंय व्हय रे?"

"मग सुभेदारसाब, फेट्यानं आलं होतं का?"

दोघंही खो खो हसले. तो त्या ओट्यावरचा शेवटचा हसण्याचा आवाज. मला तरी तोच आठवतो.

पुढं काय झालं, कशावरून झालं, हे मोठ्यांना माहीत. मला आठवतं ते एवढंच की एका दुपारी लांबून फटाक्यांसारखे आवाज आले आणि आईनं खिडक्या लावून घेतल्या. कुठंतरी जळत होतं, त्याची राख आमच्या वाळत घातलेल्या पापडांवर पडली. पोलीस नाहीसे झाले. काही दिवस शहर आपलंच असल्यासारखं वाटलं, आणि मग आगगाडीनं फौज आली. रस्त्यावर निघायचं नाही, जमायचं नाही, पांढरी टोपी घालायची नाही. भोंगा बंद, माग बंद. मे महिन्याच्या उन्हात तो बोळ इतका गप्प झाला की रांजणातलं पाणी झिरपताना ऐकू येई.

त्या शांततेत बुटांचा आवाज आला. आबा दाराआड उभे राहून ऐकू लागले. त्यांची पाठ आपोआप सरळ झाली. "नवी भरती हाय," ते म्हणाले. "पाय एकदम पडंनात अजून." त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते सांगायला मला जड जातं. आनंद होता. शहरात लोक भीतीनं दडून बसले होते आणि माझ्या आजोबांना आपल्या गावचं माणूस भेटावं तसा आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी शिपाई आमच्या बोळात शिरले. नरसय्या टोपी घालूनच दारात आला. विसरला होता असं मला कधीच वाटलं नाही. त्याला घेऊन गेले.

राजव्वा आमच्या उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती. "सुभेदारसाब, त्यांना नेलं. तुमी सांगितलं तर ऐकतील की. तुमी त्यांच्यातले."

"व्हय," आबा लगेच म्हणाले. "माजंच घर हाय ते. तू चा ठेव. चा निवायच्या आत आणतो त्याला." आणि मला म्हणाले, "पोरी, कोट काढ."

आईनं बिल्ले लावले, मी बटणं लावली. फेटा त्या दिवशी आईनंच कसाबसा बांधला. आबा माझा हात धरून निघाले तेव्हा आई म्हणाली, "आबा, पोरीला कशाला?"

"बघू दे की. पलटणीत आपला मान काय हाय ते बघू दे तिला."

राजव्वा आमच्या मागून आली. वाटेत दोन ठिकाणी शिपायांनी अडवलं. बिल्ले बघून सोडलं. दर वेळी आबा माझा हात जरा दाबत.

एका शाळेच्या पटांगणात टेबल मांडून साहेब बसला होता. तरुण होता, उन्हानं नाक सोललेलं. आबांना बघताच उठून उभा राहिला आणि कडक सलाम ठोकला. आबांनी छातीपर्यंत हात नेला, मान ताठ केली. साहेबानं खांद्याकडं बघितलं, समजला. "कुर्सी लाओ सुभेदार साब के लिये." टेबलाशेजारी, आपल्या बरोबरीनं, त्यानं आबांची खुर्ची मांडायला लावली. त्याचा थोरला भाऊ त्याच नदीवर लढला होता. दोघं मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत त्या चिखलाबद्दल बोलू लागले. मी आबांच्या खुर्चीमागं उभी होते आणि माझी छाती भरून आली होती.

समोर मैदानात पांढऱ्या टोप्यांचा ढीग होता. पकडून आणलेल्या माणसांना एकेक करून टेबलापुढं आणत. साहेबाचा कायदा असा होता की ज्याची टोपी त्यानं स्वतःच्या हातानं काढायची आणि त्या ढिगावर टाकायची. टाकली की दम भरून सोडून देत. बरेच जण टाकत होते. खाली बघत निघून जात होते. कुंपणाबाहेर बायाबापड्या उभ्या होत्या, त्यांच्यात राजव्वा.

नरसय्याला आणलं. आबा हात करून हिंदुस्थानीत म्हणाले, "साब, हा आपला माणूस हाय. शेजारी. चांगला माणूस हाय."

साहेब हसला. "तो बोलो उसको, सुभेदार. टोपी उतारे, घर जाये."

आबा नरसय्याकडं वळले. घरातल्या पोराला समजवावं तसे म्हणाले, "नरसय्या, टाक ती टोपी आन् चल घरला. राजव्वानं चा ठेवलाय."

नरसय्या अगदी हळू म्हणाला, "सुभेदारसाब, तुमाला कुणी म्हटलं, छातीवरचा तो बिल्ला उपटून ढिगावर टाका, तर टाकाल का?"

"क्या बोलता है?" साहेबानं विचारलं.

आबा खोटं बोलू शकले असते. काहीही सांगता आलं असतं. साहेबाला मराठी कुठं येत होतं? पण साहेबापुढं खोटं बोलायचं नसतं, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. "ना बोलता है, साब."

साहेबाचं हसू गेलं. त्यानं नरसय्याकडं बघितलं, मग आबांकडं. आणि आवाज न चढवता म्हणाला, "तो तुम उतारो, सुभेदार. हुकुम है."

मी आबांच्या मागं होते, म्हणून त्यांचा चेहरा मला दिसला नाही. टाचा दिसल्या. खुर्ची मागं सरली, आणि त्या दोन टाचा खट्कन जुळल्या. "जी साब."

ते नरसय्यासमोर जाऊन उभे राहिले. उजवा हात उचलला. तो छातीशी आला, गळ्याशी आला आणि थांबला. आबांनी दात आवळून तो आणखी उचलायचा प्रयत्न केला. बोटं हवेत नुसती उघडत-मिटत होती. डावा हात चांगला होता, पण तो शिवणीला चिकटून ताठ राहिला, जणू हुकूम उजव्यालाच झाला होता. एक गोरा शिपाई हसला.

तेव्हा नरसय्यानं मान खाली केली. गुडघे जरासे वाकवले आणि उंच माणूस दारातून आत शिरताना वाकतो तसा वाकून आपलं डोकं आबांच्या बोटांपाशी आणलं.

आबांनी टोपी काढली.

"शाबाश," साहेब म्हणाला, आणि शिपायांना खूण केली. नरसय्याला ते लॉरीकडं न्यायला लागले. आबा गडबडले. "साब, आप बोला... घर जायेगा..."

"खुद उतारता, तो जाता. तुम पुराना सिपाही है, तुमको मालूम है." मग आवाज मऊ करून म्हणाला, "बैठो, सुभेदार. चाय पियो."

आबा बसले. कपबशीतून चहा आला. त्यांनी टोपी मांडीवर ठेवली होती, ती एका शिपायानं उचलून ढिगावर फेकली. लॉरी सुरू झाली, धुरळा उडवत फाटकातून गेली. आणि आबांनी चहा प्यायला. पुरा प्यायला. कप खाली ठेवताना त्याचा बशीवर किणकिण आवाज झाला.

परत येताना राजव्वा आमच्या पुढं चालत होती. तिनं मागं वळून बघितलं नाही. आबांनी माझा हात धरला नव्हता. घरी आल्यावर मी बटणं काढायला गेले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." कोटासकट भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. खोलीभर चिंच, पितळ आणि घाम यांचा वास राहिला.

नरसय्याला पुण्याकडच्या तुरुंगात पाठवलं. फौज काही दिवसांनी निघून गेली, माग पुन्हा सुरू झाले. समोरच्या मागावर आता राजव्वा बसे. आईनं भाकरी-कालवण नेऊन दिलं, तर ती म्हणाली, "ठेवा तितं." संध्याकाळी आई बघते तर भांडं तिथंच, मुंग्या लागलेलं. भांडण कुणी केलं नाही. आबा बोळातून जात तेव्हा माग थांबत नसत, एवढंच. कुणी उठत नसे. उलट मान खाली घालून मागाचा धोटा अधिक जोरात फेकत. शाळेत एक मुलगी दुसरीला म्हणाली, "ती बघ, टोपीकाढ्याची नात." त्या नावानं मग आम्हाला सगळे ओळखू लागले. मी घरी येऊन सांगितलं नाही. आबांना ते आधीच कळलं होतं. भिंतीवर कुणीतरी कोळशानं लिहिलं होतं आणि ते त्याच उजव्या हातानं, ओल्या फडक्यानं पुसताना मी त्यांना बघितलं. अक्षरं वरच्या बाजूला होती. वरची अर्धी ओळ राहून गेली.

रविवारी वडील कुर्डुवाडीहून आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आबा, हुकूम होता. तुम्ही काय करणार?"

"हुकूम त्याचा व्हता," आबा म्हणाले. "हात माजा व्हता की."

त्या हिवाळ्यात दरबाराचं बोलावणं आलं. आम्हाला वाटलं ते जाणार नाहीत. पण त्यांनी कोट मागितला. मी बटणं लावत असताना त्यांचा श्वास जोरात चालला होता. म्हणाले, "आज सांगून येतो. सगळ्यांच्या म्होरं सांगतो, साब, ही खुर्ची मला नको." फेटा बांधला नाही. उघड्या डोक्यानं गेले. आई देवापुढं बसून राहिली.

परत आले ते घाईघाईनं, कुणी पाठलाग करत असल्यासारखे. बाजेवर बसले. आईनं पाणी दिलं. पाणी पिऊन बोलले.

"बसलो न्हाय. उभाच ऱ्हायलो. कलेक्टर म्हणाला, सुभेदार, बसत का न्हाय?"

"मग?"

"म्हटलं, पाय दुखतोय, साब. बसवत न्हाय." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "बोलायला गेलो व्हतो. सगळं पाठ केलं व्हतं. तोंडातनं निघालंच न्हाय. त्यानं हकिमाकडं जा म्हणून सांगितलं. आन् मी म्हटलं, जी साब."

बसऱ्याच्या चिखलात गोळ्यांतून चालत गेलेला हा माणूस. मी त्यांच्याकडं बघू शकले नाही. आईही बघू शकली नाही. त्या दिवशी आमच्या घरात आम्ही सगळेच एकमेकांच्या पायांकडं बघून वावरत होतो.

नरसय्या सुटून आला तेव्हा बोळात हलगी वाजली. हार, गुलाल, आरत्या. आमचं दार बंद होतं. फटीतून गुलालाचा वास आत आला. आबा आत बाजेवर बसून हलगी ऐकत होते, आणि गर्दी पांगली तरी ऐकतच होते.

दुसऱ्या सकाळी समोरच्या मागाचा आवाज बदलला. राजव्वाचा हात हलका. हा जड, सावकाश, ओळखीचा. आबांनी तो दिवसभर ऐकला. त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उठून ते समोर गेले. कोट नाही, फेटा नाही. धोतर आणि बंडी. नरसय्याच्या दारात उभे राहिले. नरसय्यानं बघितलं, पण माग थांबवला नाही. आबा थोडा वेळ उभे राहिले आणि मग पायरीवर बसले. अंधार पडायला लागला तेव्हा उठून आले.

रोज जाऊ लागले. रोज पायरीवर. नरसय्या बोलत नसे, आबाही बोलत नसत. राजव्वा चहा नवऱ्यालाच देई. येणारी-जाणारी माणसं थबकून बघत, काही मुद्दाम खाकरत. आई म्हणे, "कशाला जाता आबा? ते माफी देणार नाहीत." आबा म्हणत, "मागायला कुटं जातोय?"

असं किती दिवस चाललं कुणास ठाऊक. उन्हं कलती झाली होती, बहुतेक पौष असावा. एका संध्याकाळी मी आबांना बोलवायला गेले होते. तेव्हा नरसय्यानं मागावरून मान वर न करता म्हटलं, "सुभेदारसाब, उजेड अडतोय. जरा बाजूला सरून बसा."

आबा सरकले. आत, मागाच्या शेजारी. तिथं कांड्या भरायचं चाक होतं. सूत कांडीवर गुंडाळायचं, ती कांडी धोट्यात बसते. घरातल्या बायका आणि पोरं ते काम करतात. आबांनी चाकाला हात लावला. ते खाली, मांडीशी फिरतं. तेवढा हात त्यांचा जात होता.

त्यानंतर मरेपर्यंत ते संध्याकाळी कांड्या भरत. पहिल्यांदा सूत तुटे, राजव्वा पुटपुटत येऊन जोडून देई. नंतर तुटेनासं झालं. आता त्यांच्याही भुवयांत तंतू अडकलेले असत. नरसय्या आणि ते पहिल्यासारखे हसले नाहीत, बोलणंही कामापुरतंच. "ताण कमी." "व्हय." एवढंच. बोळानं त्यांना माफ केलं असं मला वाटत नाही. बघायची सवय झाली म्हणू. शाळेत माझं नाव शेवटपर्यंत तेच राहिलं.

काल संध्याकाळी भाचा ऑफिसातून आला आणि विचारलं, "आत्या, आबांना बिल्ला कशाबद्दल मिळाला होता? फ्रेम करून घेतोय. खाली काय लिहू?" मी त्याला चिखलाची गोष्ट सांगितली, कप्तानाची, गोळीची. ती खरीच आहे. मग पटांगणाची सांगितली. तीही खरी आहे. भाचेसून चहाचे कप उचलायचे विसरून गेली. कुठली गोष्ट खाली लिहायची हे मी सांगितलं नाही. मला माहीत नाही.

आबा गेले त्या पावसाळ्यात लष्करी कचेरीतून एक शिपाई पुष्पचक्र घेऊन आला होता. खांदा द्यायला चौथा माणूस कमी पडत होता. वडील बोळाकडं बघत होते आणि बोळ जमिनीकडं. नरसय्या मागावरून उठला, हात पुसले, येऊन बांबू खांद्यावर घेतला. उंच असल्यामुळं त्याच्या बाजूनं तिरडी वर होत होती, म्हणून तो सबंध वाट गुडघे वाकवून चालला.

दिवसकार्य झाल्यावर मी समोर गेले. मी तेव्हा परकर सोडून लुगडं नेसायला लागले होते. विचारायचं धाडस आलं होतं.

"काका, त्या दिवशी तुम्ही मान खाली का घातली?"

नरसय्यानं धोटा हातात धरून ठेवला.

"त्यांचा हात जात नव्हता की वर, अम्मा. सगळी बघत होती. तो गोरा हसला. म्हाताऱ्या माणसाची किती फजिती करायची?"

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला की." त्यानं माझ्याकडं सरळ बघितलं. "अजून हाय. वाटलं होतं, ते गेले की जाईल. न्हाय गेला."

बाहेर पाऊस भुरभुरत होता. राजव्वा चुलीशी होती, आणि खळीचं पातेलं रटरटत होतं. नरसय्यानं धोट्याच्या आत बघितलं. तो रिकामा होता.

"कांडी संपली," तो म्हणाला.

मी पदर खोचला आणि चाकाशी जाऊन बसले.